लाल वही, शुक्रवार आणि चारशे बारा मुलं

निवृत्तीच्या दिवशी सरांनी मला स्टाफरूमच्या कोपऱ्यात बोलावलं आणि लाल कापडी पाठीची एक लांबट वही हातात ठेवली. "छंदवर्गांचं सगळं यात आहे," म्हणाले. मी चाळून पाहिली. चौदा मंडळं, प्रत्येकाला चार-चार पानं, निळ्या शाईत नावं आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं. 'उंचीची भीती.' 'भावाबरोबर बसतो, वेगळं करू नये.' 'पहिला महिना बोलणार नाही, नंतर थांबणार नाही.' मी गणिताची शिक्षिका. मला त्या वहीत चारशे बारा ओळींचा एक तक्ता दिसला, जो कुणीतरी वर्षानुवर्षं उगाच हाताने लिहीत बसलं होतं. समासावरून नजर फिरली खरी, पण तेवढीच.

आमच्याकडे शुक्रवारच्या शेवटच्या दोन तासिका सहशालेय उपक्रमांच्या. पाचवी ते नववीची मुलं आपापले वर्ग सोडून बुद्धिबळ, नाटक, गायन, रोबोटिक्स, वक्तृत्व, बागकाम, फुटबॉल अशी पांगतात. सत्र सुरू झालं की वर्गशिक्षकांनी चिठ्ठ्यांवर नावं गोळा करायची, त्या सरांकडे द्यायच्या आणि सरांनी आठवडाभर मान मोडून याद्या लावायच्या, असा शिरस्ता होता. पुढचे तीन शुक्रवार मग याद्या दुरुस्त करण्यात जायचे. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "यंदा सगळं ऑनलाइन करून टाकू. तुम्ही गणिताच्या, तुम्हाला जमेल." गणिताचा आणि याचा संबंध काय, हे विचारायचं राहून गेलं. संबंध होता, तो वर्षभराने कळला.

मी एक ऑनलाइन फॉर्म केला. नाव, इयत्ता, तुकडी, हवं ते मंडळ. रविवारी रात्री आठ वाजता उघडेल, जागा भरेपर्यंत चालेल, पहिला येईल त्याला पहिली जागा. याहून सरळ न्याय काय असतो, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

त्या फॉर्मला जागा मोजता येत नाहीत, हे मला आठ वाजून पाच मिनिटांनी कळलं. तो नुसती उत्तरं गोळा करत जातो, 'रोबोटिक्स भरलं' असं म्हणत नाही. वीस जागांसाठी सत्त्याण्णव अर्ज येऊन पडले होते आणि त्या सत्त्याण्णव घरांत 'पाठवा' दाबलं म्हणजे प्रवेश झाला, असा समज होता. प्रत्येक उत्तराशेजारी वेळेची नोंद असते, म्हणून त्या क्रमाने पहिले वीस घेतले. विसावा अर्ज आठ वाजून एक मिनिट सव्वीस सेकंदांचा होता.

सोमवारी एक वडील शाळेत आले. तक्रार करायला नव्हे, समजून घ्यायला. त्यांच्या मुलाचा अर्ज रात्री दहा चाळीसचा होता. "मॅडम, घरात फोन एकच आहे आणि तो माझ्याबरोबर कामावर असतो. मी घरी आलो, जेवायच्याही आधी त्याने फॉर्म भरला." मी त्यांना नियम सांगितला. ते "बरं" म्हणाले आणि निघून गेले. दुपारी मोकळ्या तासिकेत मी ते वीस अर्ज पुन्हा उघडले आणि प्रत्येक मुलाचं घर डोळ्यांसमोर आणलं. स्वतःचा फोन किंवा घरात संगणक नाही, असं एकही मूल त्यात नव्हतं. माझ्या सरळ न्यायाने रोबोटिक्सची आवड मोजलीच नव्हती, आठ वाजता कुणाच्या हातात यंत्र आहे तेवढं मोजलं होतं.

पण हा विचार करायला तेव्हा सवड नव्हती, कारण याद्याच लागत नव्हत्या. एकाच मुलाने तीनदा अर्ज केलेला, तिन्ही वेळा स्पेलिंग वेगळं. एका मुलीसाठी आईने एक मंडळ निवडलेलं, वडिलांनी दुसरं. इयत्तेच्या रकान्यात 'सातवी ब', 'सेव्हन बी', '७ ब', 'ब', आणि एका ठिकाणी नुसतंच 'हो'. आकड्यांत मराठी सात आणि इंग्रजी सात आपल्याला एकच वाटतात, संगणकाला ती दोन वेगळी अक्षरं. त्याहून वस्ताद प्रकरण म्हणजे आपला अर्धा र. गोऱ्हे, कुऱ्हाडे अशा आडनावांतला तो र दोन तऱ्हांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण आतली सांकेतिक रचना निराळी असते. एकच आडनाव दोन याद्यांत जुळत का नाही म्हणून मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. शेवटी लिपिक ताईंनी विचारलं, "नावावर कशाला जुळवता? रजिस्टर नंबर आहे ना प्रत्येकाला!" बावीस वर्षं दाखले लिहिणाऱ्या बाईला जे माहीत होतं, ते मी रात्र जागून शोधत होते. तेव्हापासून माझा एक हट्ट आहे: जे निवडता येतं ते कुणाला टंकू द्यायचं नाही, आणि मुलाची ओळख नावाने नव्हे, नंबराने ठेवायची.

मंडळांना मी आकडे दिले होते. तिसऱ्या मंडळाचा चौथा गट म्हणजे '३-४'. स्प्रेडशीटने त्याची तारीख करून टाकली. यात मी एकटी नाही, हे नंतर वाचून बरं वाटलं. मानवी जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, कारण 'मार्च१' असं टंकलं की स्प्रेडशीट त्याची एक मार्च करायची आणि संशोधकांच्या तक्त्यांत गोंधळ व्हायचा. त्याचं 'मार्चएफ१' झालं. जनुकशास्त्रज्ञ हरले तिथे माझा काय पाड. मी गटांना अ, आ, इ देऊन मोकळी झाले.

मोठा घोळ मात्र माझा स्वतःचा. याद्या जवळजवळ तयार होत्या. वर्गशिक्षकांना नावं अकारविल्हे हवी होती. मी नावांचा रकाना निवडला, क्रम लावायची आज्ञा दिली. संगणकाने एक प्रश्न विचारला: शेजारचे रकानेही सोबत घेऊ का? सकाळी प्रार्थनेची घंटा होत होती. मी न वाचता दुसरं बटण दाबलं. नावं अकारविल्हे लागली, मंडळं होती तिथेच राहिली. चारशे बारा मुलांची नावं आपापल्या निवडीवरून सरकून दुसऱ्याच्या निवडीसमोर जाऊन बसली, आणि पडद्यावर सगळं इतकं नीटनेटकं दिसत होतं की शंका यायलाही जागा नव्हती. मी छापून फलकावर लावलं.

फुटबॉलच्या सरांनी पकडलं. "बाई, हा पोरगा माझ्याकडे? हा तर पावसाच्या थेंबालाही घाबरतो." मग गायनाच्या बाई आल्या, मग दारात रांग लागली. सुदैवाने आदल्या रात्रीची प्रत आपोआप साठवलेली सापडली, तासाभरात याद्या परत घेतल्या. वहीत असा घोळ करायचा म्हटला तरी करता आला नसता. चुकीची चारशे नावं हाताने लिहायला माणसाला आठवडा लागेल आणि तिसऱ्या नावाला तो थांबेल.

हे सगळे हसण्यावारी नेण्यासारखे घोळ. पुढचा नाही.

त्या सत्राच्या मध्यावर मला सरांच्या वहीतला समास आठवला. नवे मदतनीस शिक्षक आले होते, त्यांना मुलं ठाऊक नव्हती. मी उत्साहाने तक्त्यात 'शेरा' नावाचा एक रकाना वाढवला आणि सरांच्या पेन्सिलीतले शेरे, अधिक माझे स्वतःचे, टंकून काढले. 'दमा आहे, पळवू नये.' 'वडील नाहीत, पालकसभेचा विषय काढू नये.' एका मुलासमोर लिहिलं, 'घरची ओढाताण, साहित्य आणायला सांगू नये, शाळेतून द्यावं.' हेतू चांगलाच होता. सगळ्या शिक्षकांना दुवा पाठवला. उघडण्यासाठी परवानगी मागत बसायला नको म्हणून 'दुवा असेल त्याला पाहता येईल' असं ठेवलं.

महिनाभराने एका वर्गाच्या पालकांनी याद्या मागितल्या. मी शेऱ्याचा रकाना लपवला आणि त्याच तक्त्याचा दुवा पाठवला. लपवलेला रकाना म्हणजे कुलूपबंद कपाट, अशी माझी समजूत. तो नुसता पडदा असतो. कुणीही तक्त्याची प्रत करून घेतली की पडदा बाजूला करता येतो. कुणीतरी तसं केलं, बहुधा सहजच, मोबाइलवर नीट दिसावं म्हणून.

त्या मुलाची आई दुसऱ्या दिवशी आली. बसा म्हटलं तरी बसली नाही. फोन पुढे धरला, त्यावर माझंच वाक्य. "हे तुम्ही लिहिलंत?" मी हो म्हटलं. माफी मागितली, लगेच काढते म्हटलं. तिने विचारलं, "किती जणांनी पाहिलं असेल?"

मला उत्तर देता आलं नाही. सरांच्या वहीबद्दल हाच प्रश्न कुणी विचारला असता तर उत्तर सोपं होतं: सरांनी, आणि आता मी.

त्याच संध्याकाळी दुवा बंद केला, पण ज्या प्रती निघाल्या त्या निघाल्या. त्यानंतर आमचा नियम झाला की पालकांना जाणारी यादी ही वेगळी फाइल असते, तिच्यात नंबर, नाव, मंडळ, खोली एवढंच, आणि ती मुळात दुसरं काही असलेल्या फाइलीतून लपवून नव्हे तर कापून काढलेली असते. दमा, फिट्स, अ‍ॅलर्जी अशा जिवाशी संबंधित गोष्टी शाळेच्या आरोग्यनोंदीत, पालकांच्या लेखी संमतीने, ज्या शिक्षकाकडे ते मूल आहे त्यालाच दिसतील अशा. बाकीचे शेरे मी तक्त्यातून पुसले आणि पेन्सिल घेऊन सरांच्या लाल वहीत परत लिहिले. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. आम्ही सगळं डिजिटल केलं, असं मुख्याध्यापिका बाई पाहुण्यांना सांगतात तेव्हा मी त्या कपाटाकडे बघत नाही.

दुसऱ्या वर्षी 'पहिला येईल त्याला' हा नियमच काढून टाकायचा, हे ठरलेलं होतं. फॉर्म आठवडाभर उघडा, आधी-नंतरचा काही फायदा नाही, मधल्या सुट्टीत संगणक कक्ष खुला, आणि ज्याला कागदावर द्यायचं त्याने कागदावर द्यावं, ताई भरतील. प्रत्येकाने चार पसंत्या क्रमाने लिहायच्या. आता वाटप कसं करायचं? माझा बेत असा: आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंत्या पाहायच्या, जिथे गर्दी तिथे सोडत. मग उरलेल्या जागा दुसऱ्या पसंतीच्या मुलांना, मग तिसऱ्या. नववीच्या वर्गात मी हे कौतुकाने सांगितलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मग बाई, रोबोटिक्स पहिलं लिहिणारा वेडा."

"का रे?"

"सोडतीत हरलो तर माझं दुसरं नाटक. पण नाटक पहिलं लिहिणाऱ्यांनी ते आधीच भरून टाकलेलं असणार. म्हणजे मी थेट चौथ्यावर, बागकामात. त्यापेक्षा तेवढं आवडत नसलं तरी नाटकच पहिलं लिहावं."

मी खडू खाली ठेवला. पोराचं बरोबर होतं. खरं लिहिणाऱ्याला शिक्षा आणि अंदाज बांधणाऱ्याला बक्षीस, अशी पद्धत मी आणत होते. घरी येऊन वाचत बसले तेव्हा कळलं की बॉस्टन शहरातल्या सरकारी शाळांचे प्रवेश २००५ पर्यंत नेमके याच पद्धतीने होत. तिथेही जाणते पालक असेच अंदाज बांधत आणि खरी आवड लिहून मोकळे होणारे मागे पडत. मग ती पद्धत बदलली. जी नवी आणली तिचं मूळ डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांच्या १९६२ मधल्या एका छोट्या निबंधात आहे. शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयातल्या कामासाठी. आमच्या शुक्रवारच्या दोन तासिकांच्या भानगडीवर नोबेल मिळालेलं आहे, हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

त्यांच्या पद्धतीत दोन्ही बाजूंची पसंती असते. आमच्या मंडळांना मुलं निवडायची नव्हती, म्हणून तिचं सगळ्यात साधं रूप पुरलं. चारशे बारा मुलांचा एकच क्रम सोडतीने लावायचा. त्या क्रमाने एकेक मूल घ्यायचं आणि त्याच्या चार पसंत्यांतली जी सगळ्यात वरची जागा अजून शिल्लक असेल ती त्याला द्यायची. यात निवडलेल्या चारांचा क्रम खोटा लिहून कुणाचाच फायदा होत नाही. तुझी पाळी येईल तेव्हा तुझ्या चारांतलं जे उरलं असेल त्यातलं तुला सगळ्यात आवडतं ते मिळेल, मग उगाच नावडतं वर का लिहिशील? मागच्या बाकाने पाच मिनिटं यात भोक शोधलं. सापडलं नाही. "मग एवढंच नशिबावर," तो म्हणाला. तेही खरंच. त्यावर उतारा म्हणून दुसऱ्या सत्रात तोच क्रम उलटा करायचं ठरलं. पहिल्या सत्रात जो शेवटी, तो दुसऱ्यात पहिला. पोरांना हे एकदम पटलं. मोठ्यांना समजावायला जास्त वेळ लागला.

सोडत स्प्रेडशीटमधल्या यादृच्छिक आकड्यांनी काढली. त्यातली मेख अशी की ते आकडे तक्त्यात कुठेही काही टंकलं की नव्याने पडतात. मी क्रम लावला, वर शीर्षक लिहिलं आणि डोळ्यांदेखत सगळा क्रम बदलला. पहिल्या क्रमांकाची मुलगी दोनशेच्याही खाली गेली. कुणी पाहिलं नव्हतं, पण मला घाम फुटला. आकडे आले की आधी ते गोठवायचे, म्हणजे सूत्र काढून नुसती मूल्यं चिकटवायची, आणि मगच दुसऱ्या कशाला हात लावायचा. शिवाय ही सोडत आम्ही सभागृहात, मोठ्या पडद्यावर, मुलांसमोर काढली. कळ दाबायला पाचवीची एक मुलगी होती. बाईंनी खोलीत बसून काढलेल्या सोडतीवर मी स्वतः विश्वास ठेवला नसता.

दोनशे त्रेसष्ट मुलांना पहिली पसंती मिळाली. सतरा जणांना चारपैकी एकही मिळाली नाही. त्यांना मी एकेकटं बोलावून बोलले. संगणकाचं काम पावणेदोन मिनिटांत झालं होतं, या सतरा जणांना तीन दिवस लागले. बागकामाला पसंती फक्त अकरा होत्या, पण वर्षाअखेरीस सगळ्यात कमी गळती त्याच मंडळात होती. का, ते मला अजून नीट कळलेलं नाही. माती हाताला लागली की पोरं सुटत नसावीत.

त्याच वर्षी शाळेने घेतलेल्या मोठ्या प्रणालीत उपक्रमांचाही एक भाग मिळाला. दाखवायला आलेल्या तरुणाच्या पडद्यावर 'विद्यार्थी १', 'विद्यार्थी २' अशी शहाणी मुलं होती. प्रत्येक जण एकाच मंडळात, कुणी मध्येच बदलत नाही, कुणाला दोन आडनावं नाहीत. मी विचारलं, एक मूल अर्धं सत्र नाटकात आणि अर्धं बुद्धिबळात असेल तर? "मॅडम, तशी पॉलिसी ठेवूच नका." मग विचारलं, उद्या ही प्रणाली सोडायची झाली तर सगळ्या नोंदी साध्या तक्त्यात काढून मिळतील का? यावर त्याने पहिल्यांदा वही काढून काहीतरी टिपून घेतलं. पुढे ती सोय मिळाली. कुणी नवी प्रणाली घेत असेल तर हा प्रश्न शेवटी नव्हे, अगदी आधी विचारावा. आत कसं जायचं ते सगळे दाखवतात.

हजेरीवरून खरी लढाई झाली. फुटबॉलचे सर म्हणाले, "एका हातात शिट्टी, दुसऱ्या हातात चेंडू. फोन काय दातात धरू?" मी क्यूआर कोडची टूम काढली. प्रत्येक खोलीच्या दारावर एक कोड, मुलाने शाळेच्या टॅबवरून तो टिपायचा आणि आपला नंबर टाकायचा, की झाली हजेरी. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत हा कोड जन्मला तो मोटारींच्या सुट्या भागांवर नजर ठेवण्यासाठी. सुटे भाग मित्रांचे नंबर लक्षात ठेवत नाहीत, पोरं ठेवतात. दुसऱ्याच शुक्रवारी वक्तृत्व मंडळात बत्तीस जण हजर होते आणि खोलीत एकोणीस. कोडचा फोटो काढून घरी पाठवण्यापर्यंतही मजल गेली होती. तीन आठवड्यांत कोड उतरवले.

शेवटी टिकली ती सगळ्यात साधी पद्धत. सगळी मुलं हजर धरायची आणि फक्त गैरहजर टिपायची. छापील यादीवर मंडळाच्या मॉनिटरने खुणा करायच्या, पहिल्या दहा मिनिटांत कागद ऑफिसात आणायचा, ताईंनी ते चार-पाच नंबर प्रणालीत टाकायचे. चौदा कागद, पन्नासेक नंबर, सात मिनिटं. मुख्याध्यापिका बाईंना त्यातून रंगीत आलेख मिळतात. एकदा त्या म्हणाल्या, गायनाची हजेरी बघा किती छान, वाचनकट्ट्याची का नाही? गायनाच्या बाई उशिरा येणाऱ्यालाही प्रेमाने हजर धरतात आणि वाचनकट्ट्याचे सर दहा मिनिटांनी दार लावून घेतात, एवढाच तो फरक. आलेखात ते दार दिसत नाही.

आणि मग तो शुक्रवार. एका मुलीची आई शेवटची एक तासिका बाकी असताना आली. आजोबांना दवाखान्यात हलवलं होतं, मुलीला लगेच न्यायचं होतं. पूर्वी अशा वेळी शिपाई काका चौदा ठिकाणी फिरायचे. ताईंनी नंबर टाकला, दहा सेकंदांत उत्तर: सहावी, फुटबॉल, मैदान, हजर. मला त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. काका मैदानावर गेले. मुलगी नव्हती. मॉनिटर म्हणाला, "सुरुवातीला होती."

पुढची पंचवीस मिनिटं मी विसरणार नाही. स्वच्छतागृहं, गच्ची, मागचं फाटक, वर्ग. आई ऑफिसच्या दारात उभी, आणि मी तिला तिसऱ्यांदा सांगतेय की नोंद आहे, ती हजर आहे. पडद्यावर हिरवी खूण तशीच. माणूस सापडत नसताना ती हिरवी खूण किती भयानक दिसते, ते पाहिल्याशिवाय कळणार नाही.

ती सापडली सभागृहात, रंगमंचाच्या कडेला, अंधारात, पडद्याची दोरी दोन्ही हातांत धरून. नाटकाच्या बाईंना आश्चर्य वाटलं. "ही तर दर शुक्रवारी येते! माझ्या यादीत तिचं नाव आहे असंच मी धरून चालले." नाव नव्हतं. नाटकाला तिची चौथी पसंती होती, फुटबॉलला पहिली, आणि पहिली मिळाली होती. मैदानावर हजेरी झाली की ती पाठीमागच्या जिन्याने सभागृहात यायची.

रागवायचं कुणाला? मी सरांची वही काढली. जुन्या याद्यांत पानापानांवर खालच्या बाजूला पेन्सिलीने तीन-चार नावं होती आणि वर लिहिलेलं, 'येतात'. एवढंच. दोन वर्षं ते पाहूनही मला त्याचा अर्थ लागला नव्हता. यादीत नसलेली पण येणारी मुलं नेहमीच असायची, सर त्यांना ओळखून होते. आमच्या प्रणालीत मात्र मूल एक तर आपल्या मंडळात हजर असतं, नाही तर गैरहजर. तिसरं काही होताच येत नव्हतं.

त्या कंपनीला तीन पत्रं लिहावी लागली, पण तिसरी अवस्था मिळाली. आम्ही तिला 'पाहुणा' म्हणतो. आपल्या मंडळाच्या शिक्षकांना सांगायचं, दुसऱ्या मंडळाच्या दारात मॉनिटरला नंबर द्यायचा, की प्रणालीत त्या दिवसापुरती खोली बदलते. एका खोलीत एका वेळी पाचच पाहुणे. पहिल्याच सत्रात दीडशेच्या वर नोंदी झाल्या. काही पोरं दर आठवड्याला नवीन ठिकाणी डोकावणारी, काही एकाच ठिकाणी चिकटलेली. फुटबॉलच्या सरांची थोडी कुरकुर झाली, पण दोरीवाल्या मुलीबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. ती राखीव गोलरक्षक, म्हणजे तिथेही बसूनच असायची.

यंदा, तिसऱ्या वर्षी, फॉर्म पुन्हा आले. मागच्या वर्षी ती एकोणीस शुक्रवार नाटकाची पाहुणी होती, म्हणून मी मुद्दाम तिच्या पसंत्या उघडून पाहिल्या. पहिली फुटबॉल, मग बुद्धिबळ, मग बागकाम, मग वक्तृत्व. नाटक कुठेच नाही. वाटलं, पुन्हा तक्ता सरकला की काय. नंबर तपासला, वेळ तपासली, सगळं बरोबर. मधल्या सुट्टीत तिला गाठलं.

"अगं, नाटक लिहायचं राहिलं का? अजून दोन दिवस आहेत, बदलता येईल."

"नाही बाई, मुद्दाम नाही लिहिलं." मग आजूबाजूला कुणी नाही ना ते बघून हळूच म्हणाली, "यादीत नाव आलं की संवाद पाठ करावे लागतात. पाहुण्यांना दोरी देतात."